भिडेपोटी केलेली दुरुस्ती

कॉन्रॅडसरांच्या फ्लॉपीला कुणी हात लावायचा नाही, हा त्या ऑफिसातला अलिखित कायदा होता. ऑफिस कसलं, वसई पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतला एक गाळा. खाली खिळ्यांचा कारखाना आणि वर नरहरीशेठची पाण्याच्या टाक्यांची डिझाइनं करणारी फर्म. माणसं चार, कॉम्प्युटर एक. पण तेवढ्यातही फ्लॉपी ज्याची त्याची वेगळी. फोरट्रानचा प्रोग्राम मुळात एकच, सरांनी लिहिलेला. पाण्याचा दाब किती, भिंतीभोवती कड्यांची सळई किती, वाऱ्याचा जोर किती, अशा एकेका गणिताचं एकेक छोटं रुटीन. नवीन काम आलं की ज्याने त्याने ती सगळी रुटीनं आपल्या फ्लॉपीतून उचलायची, नव्या फाइलीत उतरवायची आणि लागेल तिथे डागडुजी करायची. १९८८ साल उजाडेपर्यंत त्या रुटीनांची इतकी पिल्लं झाली होती की आई कोण ते ओळखू येईना.

मार्थाला हे बघवत नव्हतं. निर्मळची पोर, गणितात बी.एस्सी., कामाला लागून तीन वर्षं झालेली, आणि पसारा दिसला की हात शिवशिवणारी. फेब्रुवारीत एक दिवस तिने शेठना गाठलंच.

"शेठ, एकच फाइल करू या. सगळी रुटीनं तिच्यात, प्रत्येक फक्त एकदाच. ज्याला जे लागेल त्याने ते तिथून बोलवायचं. एक सुधारलं की सगळ्यांचं सुधारेल."

"आणि एक बिघडलं की सगळ्यांचं बिघडेल," पलीकडच्या टेबलावरून कॉन्रॅडसर म्हणाले. राजोडीचा माणूस, चोपन्न वर्षांचा, अर्धं आयुष्य गणिताची सरकपट्टी, म्हणजे स्लाइडरूल, चालवलेला. कुणाला टोचून बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण त्या दिवशी आवाजाला धार होती. "माझ्या फ्लॉपीत कुठे काय आहे ते मला डोळे मिटून सापडतं. उगाच कशाला ढवळाढवळ?"

"करू द्या हो तिला," नरहरीशेठ म्हणाले. "आठवडा देतो. नाही जमलं तर सोडून दे बाई."

सरांनी फ्लॉपी काढून दिली. दिली म्हणजे टेबलावर ठेवली आणि चहाला निघून गेले.

मार्थाने सरांच्या आणि आपल्या अशा दोन्ही फ्लॉप्यांतली रुटीनं छापून काढली. रुंद कागदाच्या त्या लांबलचक घड्या जमिनीवर शेजारी शेजारी पसरल्या आणि पट्टी धरून ओळीमागून ओळ ताडून पाहू लागली. दाबाचं रुटीन दोन्हीकडे सारखं. तळाच्या स्लॅबचं सारखं. कड्यांच्या रुटीनशी आली आणि पट्टी थांबली.

सरांच्या छापील कागदात ते सळईच्या आकड्यांचा तक्ता वाचताना एक ओळ आधीच थांबत होतं. टाकी बसकी असली तर काही बिघडत नाही. पण उंच आणि अरुंद असली, की उत्तर तक्त्याच्या शेवटच्या ओळीत असतं, आणि सळई कमी निघते. मार्थाच्या कागदात ते बरोबर होतं. बरोबर असणारच, तिनेच तर सुधारलं होतं! कामाला लागून जेमतेम दुसरा महिना होता तेव्हा. चूक दिसली, गुपचूप आपल्या फ्लॉपीत नीट केली आणि तोंडाला कुलूप. ज्या माणसाने शब्द टाकून आपल्याला इथे चिकटवलं, चर्चमध्ये ज्याला बघून बाबा उठून उभे राहतात, त्याला 'सर, तुमचं चुकलंय' म्हणायचं? छे! जीभच रेटेना. पुढे सवडीने, बोलता बोलता सांगू, असं तिने मनाशी ठरवलं. तीन वर्षांत ती सवड काही आली नाही.

मग तिला आठवलं. राजोडीची टाकी! उंच, अरुंद, आणि सरांच्याच फ्लॉपीवर झालेली. बांधून तयार होती. येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर फादर आशीर्वाद देणार आणि टाकी काठोकाठ भरायची होती.

तिने राजोडीचे आकडे बरोबरच्या रुटीनमध्ये घातले. तळाकडच्या कड्यांत पाचवा हिस्सा सळई कमी.

खोटं कशाला सांगू, एक क्षण तिच्या मनात आलंच. नव्या फाइलीत आपलं रुटीन टाकून मोकळं व्हावं, कुणाला पत्ता लागणार? पण टाकीला कोण सांगणार की फाइल आता नवी झाली म्हणून? स्वतःचीच शरम वाटून तिने कागद गोळा केले आणि सरांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

सरांनी दोन्ही कागद वाचले. पुन्हा वाचले. चेहरा पांढराफटक पडला.

"कधी सापडलं तुला हे?"

"आल्यावर दुसऱ्या महिन्यात."

"आणि आज सांगतेस?"

"भीड वाटली, सर. तुमची चूक मी कशी दाखवू?" मार्थाला रडू आवरेना.

आता ते ओरडतील असं तिला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. पण सर आपलाच छापील कागद उलगडत गेले आणि एका जागी बोट ठेवून थांबले. वाऱ्याचं रुटीन. ते मार्थाचं, पहिल्याच वर्षी तिने नव्याने लिहिलेलं आणि सगळ्यांनी उचललेलं.

"हे बघ. उंचीबरोबर वाऱ्याचा जोर वाढतो, ते घ्यायचं तू विसरली होतीस. मला गेल्या वर्षी दिसलं. मी माझ्यापुरतं नीट करून घेतलं." सर तिच्याकडे बघत नव्हते. "म्हटलं, नवीन पोर आहे, सगळ्यांदेखत हिरमुसेल."

"सर, चंदनसारची टाकी मी माझ्या फ्लॉपीवर केलीय!"

"हो?" सर एवढंच म्हणाले.

काय म्हणावं या दोघांना! तो तिला जपतोय, ती त्याला जपतेय, आणि सबंध बरोबर असा प्रोग्राम ऑफिसात एकाकडेही नाही. चंदनसारला नशिबाने पायाच खणून झाला होता, खांब जाड करता येणार होते. राजोडीला मात्र टाकी उभी होती. बाहेरून लोखंडी पट्टे आवळायचे म्हणजे जून उजाडणार, आणि तोवर ती अर्धीच भरायची. नरहरीशेठनी कपाळाला हात लावला, पण टाळाटाळ केली नाही. ते सरपंचांना भेटायला स्वतः निघाले.

"गावाला मी सांगतो," सर म्हणाले. "माझं गाव आहे."

रविवारी मिस्सा सुटल्यावर टाकीखाली सगळं गाव जमलं. मार्थाही गेली. सरांनी तिला येऊ नको म्हणून बजावलं होतं, तरी गेली. फादर फेबियन बाजूला सरले आणि सर पुढे झाले. "गणित माझं होतं. ते चुकलं. दोष बांधणाऱ्याचा नाही, फर्ममधल्या दुसऱ्या कुणाचाही नाही. टाकी जूनपर्यंत अर्धीच भरेल."

कुजबूज उठली. पुढे आली ती लूर्डस, सरांची थोरली बहीण. दोन हंडे पायाशी ठेवून ती सकाळपासून उभी होती.

"अर्धी भरली तर पानी कुठवर येल?"

"चर्चपर्यंत येईल, बाय. समुद्राकडच्या आळीला दाब पुरणार नाही."

"म्हंजे आमाला नाय." समुद्राकडच्या विहिरी खाऱ्या झाल्या होत्या आणि गोड पाणी अर्ध्या कोसावर होतं. लूर्डस भावाकडे वळली. "तुला हे कवा कळलं?"

"बुधवारी."

"आनि तुझ्या हापिसातल्या ह्या पोरीला?"

सरांनी घाईने तोंड उघडलं. ते काय म्हणणार हे मार्थाला कळलं. तिलाही बुधवारीच, असंच म्हणणार होते ते. तिला पुन्हा एकदा जपणार होते. त्यांनी बोलायच्या आत ती पुढे झाली.

"मला तीन वर्षांपासून ठाऊक होतं, मावशी," ती म्हणाली. "मी सांगितलं नाही."