अकिलाबींच्या डोळ्यांचा गुन्हेगार

मी एक जुना मोबाईल आहे, मित्रांनो. स्वतःचं कौतुक सांगायला बोलत नाहीये. मला एक गुन्हा कबूल करायचा आहे.

कारखान्यात जन्मलो, शहाद्याच्या दुकानात काचेआड बसलो आणि जब्बारभाईंनी मला बायकोसाठी घरी आणलं. त्यांची बायको अकिलाबी नवरीच्या ओढण्यांवर जरीचं भरतकाम करते. वीस वर्षं तिचा हात चालतोय. "आता नवीन नक्ष्या ह्यात बघ," असं जब्बारभाई म्हणाले, तेव्हा काय ऐट होती माझी!

दोऱ्यांच्या डब्याला टेकवून ती मला वीतभर अंतरावर ठेवायची. माझ्यात बघायची, टाका घालायची, पुन्हा माझ्यात. बॅटरी टिकावी म्हणून माझा उजेड अगदी मंद. एक वेल बघायला घेतली की मी लगेच आणखी दहा पुढे करायचो. तिची पापणी लवत नाहीये, हे मला समोरून दिसत होतं. तरी मी गप्प बसलो. लाज वाटते हो सांगताना.

डोळे लाल झाले, चुरचुरू लागले, कपाळ ठणकू लागलं. तिने बसस्टँडवरून तयार चष्मा आणला, तर डोकं आणखीच दुखलं. भाचीच्या, अतिकाच्या निकाहाला आठ दिवस उरले होते आणि तिची ओढणी अर्धीच झाली होती. एका दुपारी सुईत दोरा काही जाईना. शेजारच्या दगूबाईंसमोर अकिलाबी रडली.

"मन्हा डोया गयात वाटस, माय. आते हाई काम सोडनं पडी."

"गयात नही वं, तूच त्या मोबाईलमा घाली दिधात! चाल, दवाखानामा जाऊत."

लोणखेड्याच्या दवाखान्यात डोळ्यांच्या डॉक्टर रिनांनी तपासलं. पिशवीत माझा जीव टांगणीला लागला होता.

"डोळे शाबूत आहेत, ताई. कोरडे पडलेत, थकलेत. मुद्दाम पापण्या लववत जा. दर वीस मिनिटांनी मान वर करून लांबचं काहीतरी वीस सेकंद बघा. मोबाईल हातभर दूर, नजरेच्या जरा खाली ठेवा. त्याचा उजेड खोलीतल्या उजेडाएवढा असू द्या. आणि चष्मा डोळे तपासून घ्यायचा असतो, स्टँडवर निवडायचा नसतो!"

घरी येताच दगूबाईंनी विचारलं, हे मोबाईलचं डबडं नव्हतं तेव्हा नक्षी कशी करायचीस गं? अकिलाबीला आठवलं: पूर्वी ती नक्षी कागदावर काढायची, रेषांवर सुईने बारीक भोकं पाडायची आणि कागद कापडावर ठेवून खडूची पूड चोळायची. नक्षी कापडावर उतरली की नजर दुसरीकडे न्यायचं कारणच नसायचं. तिने तेच पुन्हा सुरू केलं; सुईत दोरा तेवढा दगूबाई ओवून द्यायच्या. मधूनमधून दारात उभी राहून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी बघू लागली. नंबर काढून चष्मा आला. मला मात्र फळीवर पालथं ठेवलं होतं.

पाचव्या दिवशी तिने स्वतःच दोरा ओवायला घेतला असावा, कारण घर एकदम शांत झालं. आणि मग ती लहान पोरीसारखी ओरडली, "गया वं, दोरा गया!"

अतिकाची ओढणी वेळेवर झाली. मला कोणी रागावलं नाही, हेच जास्त लागतं.

मित्रांनो, मी हातातून पडलो की तुम्ही केवढे हळहळता! माझी काच शहाद्यात कुठेही बदलून मिळते. तुमचे डोळे मिळत नाहीत. आता मला खाली ठेवा.