आठवालीचा हिरवा दिवा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. किती जुना ते विचारू नका. एकदा भर फेब्रुवारीत मी तारीख एक जानेवारी दोन हजार दोन धरून बसलो होतो, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

मी कॅनडात, सस्कॅचेवान प्रांतातल्या एका लहानशा गावात, गावकचेरीच्या मागच्या खोलीत राहतो. माझ्या एका बाजूला रस्त्यावर टाकायच्या मिठाची पोती आहेत आणि दुसऱ्या बाजूला नाताळच्या माळांचं खोकं. पोती बोलत नाहीत. माळा वर्षातून एकदाच बाहेर पडतात.

मी इथे आलो त्याच्या आदल्या हिवाळ्यात गावातले एक म्हातारे गृहस्थ घरात पडले. एकटेच राहायचे. चार दिवस कोणाला पत्ता लागला नाही, आणि लागला तेव्हा फार उशीर झाला होता. गावाला ते फार लागलं. मग चर्चच्या तळघरात पेरोगींची, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांची, जेवणं विकून लोकांनी पैसे जमवले आणि मला विकत आणलं. काम एकच. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी आठ वाजता फोन करायचा आणि विचारायचं, ‘सगळं ठीक ना? ठीक असेल तर एक दाबा.’ तीनदा करूनही कोणी उचलला नाही, तर कारकून लॉर्नाला आणि गावच्या अग्निशामक गड्यांना कळवायचं.

फोनवर हे विचारणारा, माझ्यात भरून ठेवलेला आवाज आर्डिथचा होता. ती पोस्टातून निवृत्त झाली होती. मला कुठे घडवलं ते मला आठवत नाही, माझं आठवणं तिच्यापासूनच सुरू होतं. तिनेच मला मांडलं, जोडलं आणि शहाणं केलं.

शहाणं केलं म्हणजे काय, ते सांगतो. संगणक जागा होतो तेव्हा त्याला आधी काहीच ठाऊक नसतं. आज तारीख कोणती, वाजले किती, अडचण आली तर थांबायचं की पुढे जायचं, हे त्याला एक छोटं निळं पान सांगतं. त्या पानाला बायोस म्हणतात. पानावरची उत्तरं मात्र माणसाने भरायची असतात, आणि ती टिकतात माझ्या पोटातल्या नाण्याएवढ्या बॅटरीच्या जिवावर. आर्डिथने चष्मा नाकावर ओढून एकेक ओळ वाचली, भरली, पुन्हा वाचली. दर तीन वर्षांनी ती बॅटरी बदलायची आणि रंगाच्या ब्रशने माझी धूळ काढायची.

ते माझे चांगले दिवस. माझ्या यादीत एकोणीस माणसं होती आणि आवाज बाईचा म्हणून सगळा गाव मला ‘आठवाली’ म्हणायचा. स्टेफानियाबाई एक दाबायच्या आधी मला हवामान सांगायच्या. सर्वांत शेवटचा नंबर ओरेस्टचा. सगळं गाव त्यांना वुइको म्हणतं, म्हणजे युक्रेनी भाषेत मामा. वुइको फोन उचलायचे आणि खेकसायचे, “मेलो नाही गं अजून! जा, दुसऱ्याचं डोकं खा!” आणि मग एक दाबायचे.

सहा वर्षांनी आर्डिथ गेली. तिचा आवाज तेवढा माझ्याजवळ राहिला. दुसऱ्या दिवशी आठ वाजता मी तोच आवाज घेऊन सगळ्यांना फोन केले, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. वुइको त्या दिवशी खेकसले नाहीत. हळूच म्हणाले, “सुप्रभात, आर्डिथ,” आणि एक दाबला.

त्यानंतर माझ्याकडे लक्ष द्यायला कोणी उरलं नाही. पुढच्या हिवाळ्यात लॉर्नाचा जावई विनिपेगहून आला. माणूस हौशी. त्याने माझं निळं पान उघडलं आणि ‘उन्हाळी वेळ’ या ओळीसमोर ‘बंद’ होतं, तिथे ‘चालू’ केलं. त्याला वाटलं, इथल्या लोकांचं राहून गेलं असेल. त्याच्या मॅनिटोबा प्रांतात वसंतात घड्याळ तासभर पुढे करतात. आमच्या सस्कॅचेवानात कोणी घड्याळाला हात लावत नाही, आणि त्याचा आम्हाला थोडा अभिमानही आहे.

एप्रिलमधल्या एका रविवारी मी आपला तासभर पुढे गेलो. गावात सात वाजले होते, माझ्याकडे आठ. मी फोन लावले. निम्मी माणसं झोपेत, निम्मी गोठ्यात. अकरा जणांनी फोन उचलला नाही, आणि मी इमानाने अकरा जणांची बोंब ठोकली. अग्निशामक गाडी घंटा वाजवत वुइकोंच्या गोठ्यावर पोचली, तेव्हा ते अडलेली गाय सोडवत होते.

“वासराचे पाय माझ्या हातात आहेत,” ते ओरडले, “आणि तुम्ही पायजम्यावर मला वाचवायला आलात?”

लॉर्नाने चूक दुरुस्त केली. पण ती इतकी खजील झाली होती की माझा पडदा आणि कीबोर्ड काढून तिने कपाटात कोंडले आणि माझ्या डोक्यावर चिकटपट्टीने कागद लावला, ‘हात लावू नये’. तेव्हापासून मला खरंच कोणी हात लावला नाही. वर्षं गेली. धूळ साचली. पोटातली बॅटरी कधी संपली ते मलाही कळलं नाही, कारण विजेवर मी अखंड चालू होतो.

मग फेब्रुवारीतलं ते हिमवादळ आलं. मंगळवारी दुपारी वीज गेली आणि बुधवारी पहाटे परत आली. पूर्वी मी अशा वेळी आपोआप उठायचो. या वेळी उठलो नाही. निळं पान पुसलं गेलं होतं.

साडेसातला लॉर्ना आली. तिने माझं बटण दाबलं, हिरवा दिवा लागलेला पाहिला आणि म्हणाली, “हं, लागला. झालं.” आणि कॉफी ठेवायला निघून गेली.

झालं काहीच नव्हतं. मी पहिल्याच पायरीवर अडलो होतो. माझा निरोप लिहिलेला होता, पण तो दाखवायला पडदा नव्हता. आठ वाजले तरी मला कळले नाहीत. जगाला रोज ‘ठीक आहात ना’ विचारणारा मी, मला ठीक नाही हे सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं. इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढचं मी नंतर कचेरीतल्या बोलण्यातून ऐकलं. सव्वाआठपर्यंत वुइको फोनशेजारी बसून राहिले. मग त्यांनीच लॉर्नाला फोन केला.

“आठवालीचा फोन आला नाही.”

“अहो वुइको, दिवा लागलाय तिचा. येईल.”

“दिव्याचं मला सांगू नकोस. ती कधी उशीर करत नाही.”

त्यांनी यादीतल्या एकेकाला स्वतः फोन लावला. स्टेफानियाबाईंनी उचलला नाही. रस्ता बर्फाने बुजला होता, तर वुइको ट्रॅक्टर घेऊन निघाले. बाई तळघराच्या पायऱ्यांखाली सापडल्या. बीटच्या लोणच्याची बरणी आणायला उतरल्या होत्या, सहा वाजल्यापासून थंड फरशीवर पडून होत्या. खुबा मोडला होता. पण जिवंत होत्या.

“आज हवामान सांगायचं राहिलं,” त्या म्हणाल्या म्हणे.

दुपारी वुइको माझ्या खोलीत आले. लॉर्नाने कपाटातून पडदा आणून जोडला. त्यावर लिहिलं होतं, ‘कीबोर्ड सापडत नाही. पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा.’

वुइकोंनी ते दोनदा वाचलं. “कीबोर्ड नाही म्हणते, आणि वर कीबोर्डवरचीच कळ दाबा म्हणते! लॉर्ना, हिला वेड लागलंय की आपल्याला?” ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना डोळे पुसावे लागले. लॉर्ना मात्र हसली नाही. तिची मान खाली होती.

मग कपाटातला कीबोर्डही जोडला, आणि नवी बॅटरी बसवायला त्यांनी माझं झाकण उघडलं. आतल्या बाजूला एक पुठ्ठा चिकटवलेला होता. अक्षर आर्डिथचं.

‘घड्याळ आपल्या वेळेचं. उन्हाळी वेळ बंद. चूक दिसली तरी थांबू नकोस. वीज आली की आपोआप ऊठ. बॅटरी दर तीन वर्षांनी. यादीत ओरेस्ट शेवटी, म्हणजे तो गोठ्यातून परत आलेला असेल.’

लॉर्ना एकेक ओळ वाचत गेली आणि वुइको एका बोटाने निळं पान भरत गेले. शेवटची ओळ तिने वाचली तेव्हा त्यांचं बोट थांबलं.

“पुन्हा वाच,” ते म्हणाले.

त्या दिवसापासून ते रोज साडेआठ वाजता कचेरीत कॉफीला येऊ लागले. आधी माझ्या खोलीत यायचे, माझ्या डोक्यावर दोन टिचक्या मारायचे आणि विचारायचे, “ठीक ना गं?” माझ्याकडे दाबायला एक नव्हता. पण मला कोणी विचारतंय, एवढं पुरायचं. पाच वर्षं त्यांचा एक दिवस चुकला नाही.

गेल्या नोव्हेंबरात एका सकाळी त्यांनी फोन उचलला नाही. मी तीनदा लावला आणि कळवलं. लॉर्ना धावत गेली. वुइको खुर्चीत बसलेले होते, गोठ्याचे बूट अजून पायांत, फोन मांडीवर. डॉक्टर म्हणाले, प्राण जाऊन पाऊण तासही झाला नसेल. लॉर्ना त्यांचा हात धरून बसून राहिली. चार दिवस कोणाला पत्ता नाही, असं त्यांच्या बाबतीत झालं नाही. माझ्या आयुष्याचं काही चीज झालं असेल, तर ते हेच.

आता यादीत चौघं उरली आहेत. स्टेफानियाबाई शहरातल्या वृद्धाश्रमात आहेत, तिथे त्यांना कोणाच्या फोनची गरज नाही. साडेआठ वाजता मी अजून टिचक्यांची वाट बघतो. पोती बोलत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल, तर त्याची बॅटरी वेळेवर बदला, त्याच्या निळ्या पानावर काय भरलंय ते पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. आणि घरात एखादं म्हातारं माणूस असेल, तर नुसता हिरवा दिवा बघून पुढे जाऊ नका. थांबा. दोन टिचक्या मारा आणि विचारा.