सुट्टीचा पुरावा

मुलगी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. तिला वर्षभर परदेशी जायचं होतं: फिरायचं, खिसा हलका झाला की थोडं काम करायचं, पुन्हा फिरायचं. यासाठी वेगळा व्हिसा मिळतो, पण एकतीस पूर्ण व्हायच्या आत अर्ज करावा लागतो. तिचा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता.

अर्ज वडिलांनी भरला, कारण त्या घरात अर्ज वडीलच भरत. चौतीस वर्षं ते एकाच कार्यालयात हेडक्लार्क होते, आणि रिकामा रकाना दिसला की अजूनही त्यांचा हात शिवशिवे. पोलिसांचा दाखला, छातीचा एक्स-रे, आरोग्य विमा हे सगळं त्यांनी जोडलंच, शिवाय कुणी न मागता दहावीची गुणपत्रिकाही जोडली. 'तिथे वर्षभर काय करणार?' या रकान्यात लिहिलं, 'आठवड्याचे सहा दिवस काम. रविवारी मिळाल्यास ओव्हरटाइम. वेळ वाया घालवणार नाही.'

व्हिसा कार्यालयाचं उत्तर चार दिवसांत आलं. हा व्हिसा मुख्यतः सुट्टीसाठी असून अर्जदाराचा सुट्टी घेण्याचा इरादा दिसत नाही, तरी सात दिवसांत पुराव्यासह खुलासा करावा. खुलासा पटला नाही, तर नवा अर्ज भरेपर्यंत एकतिशी उलटणार, म्हणजे दार कायमचं बंद.

वडिलांना धक्काच बसला. आळशी म्हणून नाकारलेली माणसं त्यांनी पाहिली होती. कष्टाळूपणाबद्दल खुलासा मागणारं कार्यालय त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

मग घरात पुरावा शोधणं सुरू झालं. आईने सगळे फोटो काढले. सगळे लग्नांतले होते, आणि सगळ्यांत मुलगी पंगतीत वाढत होती. एका फोटोत ती बसलेली सापडली, तेव्हा आईला हायसं वाटलं; नीट पाहिल्यावर कळलं की मांडीवर कुणाचं तरी बाळ दिलंय. दरम्यान वडिलांनी वर्षभराच्या सुट्टीचा कच्चा आराखडा केला. त्यात सकाळी साडेसहा ते सात समुद्र पाहणे होतं. आईने तो वाचून विचारलं, ही सुट्टी आहे की तुरुंग?

पाचव्या दिवशी मुलीने लॅबमधून एक कागद आणला आणि वडिलांसमोर ठेवला. तिच्या हजेरीचा उतारा होता. गेली तीन वर्षं, महिन्यातले दोन बुधवार, अर्धी रजा.

"बुधवारी तुझा ओव्हरटाइम असायचा ना?" वडील म्हणाले.

"नव्हता, बाबा. मी बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जायचे. तिथे तळं आहे. तिथल्या बाकावर बसायचे."

"कुणाबरोबर?"

"एकटीच."

"आणि करायचीस काय?"

"काही नाही."

"चार तास?"

"कधी कधी पाच."

वडिलांनी चष्मा काढून पुसला. आई उगाचच ओटा पुसू लागली. तीन वर्षं आपण बुधवारी हिचं ताट झाकून ठेवत होतो आणि दमली असेल म्हणून आवाजही करत नव्हतो, हे दोघांच्याही मनात आलं असणार.

मग वडिलांनी नवा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'अर्जदार माझी मुलगी आहे. ती सलग पाच तास काहीही न करता बसू शकते, आणि त्यासाठी घरच्यांना फसवण्याचीही तिची तयारी असते. तिच्या सुट्टी घेण्याच्या पात्रतेबद्दल माझी खात्री पटली आहे. सोबत हजेरीचा उतारा.' खाली सही केली. सवयीने हुद्दाही लिहिला.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी व्हिसा आला. सोबत अट होती: एका मालकाकडे सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येणार नाही. वडिलांनी ती दोनदा वाचली, आणि सरकारी अट म्हटल्यावर त्यांना ती मान्य करणं भाग होतं.

पुढच्या बुधवारी अर्ध्या रजेवर दुपारी घरी आलेल्या मुलीने प्रथमच खरं सांगून चपला घातल्या. वडील पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "नुसतंच बसायचंय ना? मग लवकर नीघ. सावलीतला बाक मिळेल."