आधी थेंब टाका

मी एक जुना नळ आहे, गल्लीच्या कोपऱ्यावरचा. हो, तोच! ज्याच्या पाण्यात विष आहे म्हणून तुम्ही ऐकलंय. लगेच नाक मुरडू नका. आणि मित्रांनो, माझं सगळं खरंच धरून चालू नका. मीही कुणाचं धरत नाही.

माझा जन्म भट्टीतला. पितळ वितळवलं, साच्यात ओतलं, कानशीनं घासलं आणि या भिंतीत आणून ठोकलं. पहिल्या दिवशी लोक म्हणाले, "काय धार आहे!" तेवढंच कौतुक. मग वर्षानुवर्षं माझ्यासमोर भांडणं झाली, सोयरिकी जुळल्या, पण माझा वायसर बदलावा असं कुणाला सुचलं नाही.

एकदा रस्ता खोदताना पाइप फुटला. घाईघाईत जोडला, वर माती लोटली, झालं. दुसऱ्या दिवशी माझ्या तोंडातून लाल पाणी आलं. रांगेत पहिली होती इस्त्रीवाली मावशी. तिचं टेबल माझ्यासमोरच. घरात सून पोटुशी, आणि प्यायला माझंच पाणी.

"चावीवाले, हा काय चहा सोडलाय?"

पाणी सोडणारा चावीवाला मान वर न करता म्हणाला, "काही झालेलं नाही मावशी. तुमची बादलीच घाण असेल."

"माझी बादली? ये, तोंड बघ तिच्यात. दिसेल कोण घाण आहे ते!"

नुसती माती होती हो! "पाइप फुटला होता, पहिल्या चार बादल्या ओतून द्या," एवढं तो बोलला असता तर विषय संपला असता. पण त्याची जीभ झिजणार होती ना! मावशीनं फोन काढून लाल धारेचा व्हिडिओ केला. तो गावभर फिरून तिच्याच फोनवर परत आला, तेव्हा त्यावर लिहिलं होतं 'नळात विष', आणि शेजारी मेलेले मासे. माझ्यातून आजवर एक मासा निघालेला नाही! माशांचा फोटो आपण काढलेला नाही, हे मावशीलाही माहीत होतं. पण चावीवाला खोटं बोलला हे तिनं कानांनी ऐकलं होतं. मग मासेही खरे असतील, म्हणाली.

सगळी गल्ली उताराखालच्या विहिरीवर जायला लागली. सून भरली बादली घेऊन चढ चढायची. एकदा ती माझ्यासमोरच पोट धरून मटकन खाली बसली. मी तिथेच, भरलेला, आणि ती माझ्याकडे बघेना. असा संताप आला की तोटी उडवून द्यावी.

मग पाणी तपासणारी ताई आली. काचेची नळी, थेंबांची बाटली. मला ती पण चावीवाल्याच्याच बाजूची वाटली. माझ्या पाण्यात थेंब टाकले, पाणी पिवळं झालं.

"पिवळं म्हणजे जंतू मारायचं औषध पाण्यात आहे."

"रंग बाटलीतच असेल," मावशी म्हणाली. "जादूचे खेळ पोरांना दाखव."

"मग थेंब तुम्ही टाका. पाणी पण तुम्हीच आणा."

मावशीनं विहिरीचंही आणलं. तेच थेंब, पण ते पांढरंच राहिलं. माझं पिवळं. मावशीनं दोन्ही नळ्या उजेडात धरून उलटसुलट पाहिल्या. म्हणजे पटलं नव्हतं, नवीन खोट शोधत होती. तेव्हापासून रोज सकाळी बाटली ताईची आणि थेंब मावशीचे. दोन-चार बायका माझ्याकडे परत आल्या. सून मात्र विहिरीवरच.

आणि एक दिवस माझं पाणी पांढरंच राहिलं.

चावीवाला ताईच्या कानाशी लागला. "हळू बोल. आत्ता कुठे लोक परत यायला लागलेत. उद्या औषध वाढवू, कुणाला कळणार आहे?"

मला वाटलं, झालं. ही पण खोटं बोलणार.

ताई रांगेकडे वळली. "आज हे पाणी पिऊ नका. औषध कमी पडलंय, चूक आमची आहे. टँकर बोलावलाय. आणि विहिरीचं पिणार असाल तर तेही उकळून घ्या."

केवढा गोंधळ! लोकांनी तिला वाटेल ते सुनावलं. ती टँकर येईपर्यंत माझ्याजवळून हलली नाही. शिव्या खात उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मावशीनं थेंब टाकले. पिवळं. नळी धुऊन पुन्हा टाकले. पिवळं. मग सुनेला हाक मारली. "ये गं, इथे भर."

"आई, कालच तर खराब होतं!"

"म्हणून तर. काल खराब होतं ते हिनं तोंडावर सांगितलं. आज चांगलं म्हणतेय, तर ऐकू तिचं. आणि मी बघितलंय दोनदा."

सुनेनं माझी तोटी फिरवली. मी एवढ्या जोरात सुटलो की तिचे पाय भिजले. ती हसली.

मासे अजून फिरतायत, मित्रांनो. मावशी सगळ्यांना पाठवत बसते की ते खोटे आहेत. तेवढं मात्र पुढे कुणी ढकलत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो, संशय घ्या, खुशाल घ्या, पण इथे येऊन घ्या. थेंब स्वतः टाका. आणि जाताना तोटी नीट बंद करा. वायसर अजून तोच आहे.