भिंतीपलीकडचे गोल

भिंगरीने लहानपणी आपल्या संघाचे जेवढे गोल पाहिले, ते सगळे शिळे होते. गोल व्हायचा तेव्हा ती स्वयंपाकघरात असायची. मग बाहेरच्या खोलीतून हाक यायची, "भिंगरे, ये लवकर, रिप्ले दाखवतायत!" आणि ती धावत जाऊन सगळ्यांना आधीच ठाऊक झालेली गोष्ट बघायची.

हे सुरू झालं ती पहिलीत असताना. संघ कारखान्याचा होता, हिरव्या जर्सीचा. आजोबांनी त्याच कारखान्यात लेथ मशीनपुढे उभं आयुष्य काढलं होतं आणि निवृत्त होताना अर्धे कान तिथेच ठेवून आले होते. त्यामुळे घरातला टीव्ही शेजाऱ्यांच्याही कामाला यायचा. त्या दिवशी आजोबांच्या गोळीची वेळ झाली म्हणून आईने भिंगरीला पाणी आणायला पिटाळलं. तिने नळाखाली पेला धरला आणि बाहेर सगळ्यांनी घर डोक्यावर घेतलं. गोल झाला होता. पुढच्या सामन्यात बराच वेळ काहीच घडेना, तेव्हा आजोबा सहज सुचल्यासारखं म्हणाले, "भिंगरे, जरा पाणी आण गं." ती गेली, आणि पुन्हा गोल.

झालं. पोरगी स्वयंपाकघरात गेली की गोल होतो, हा सिद्धांत आजोबांनी मांडला आणि घराने तो बिनविरोध मंजूर केला. सामना रंगात आला की भिंगरीची रवानगी ठरलेली.

"आपली खरी स्ट्रायकर आत खेळते," काका म्हणायचा. काकाचं केशकर्तनालय होतं, आणि दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून त्याच्या जिभेला जी धार यायची ती तो घरी वापरायचा. "ही बाहेर बसली की पनवती आणि आत गेली की लक्ष्मी. दोन पावलांत एवढा फरक पडणारी बाई मी पाहिली नाही बुवा!"

गोल झाला की तोच तिच्या हातावर पेपरमिंट ठेवायचा. मान होता, लाड होते, फक्त सामना नव्हता. आणि त्या घरात सामन्यासाठी सगळ्यांत जास्त जीव टाकणारी तीच होती. खेळाडूंचे नंबर, कोण डाव्या पायाचा, कोणाचा गुडघा दुखावलाय, सगळं तिला पाठ.

मग ती ऐकायला शिकली. दोन खोल्यांमधल्या भिंतीवर स्वयंपाकघराच्या बाजूने फळी होती आणि फळीवर डब्यांची रांग. कॉर्नर मिळाला की आईचं शिलाई मशीन मंदावायचं. पेनल्टी असली की ते थांबायचंच. चेंडू गोलपाशी पोचला की बाबांची खुर्ची करकरायची. बाबा बस चालवायचे, आणि टीव्हीसमोरही त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधत असायचा. समोरच्यांनी गोल केला तर फक्त समालोचक ओरडायचा, खोली गप्प. आपला गोल झाला तर समालोचक ऐकूच यायचा नाही. आजोबा दोन्ही पाय जमिनीवर आपटायचे आणि फळीवरचे डबे थरथरायचे. भिंगरी डब्यांवर तळहात ठेवून उभी असायची. गोल तिला आधी हाताला कळायचा.

थोडी मोठी झाल्यावर तिने वाद घालून पाहिला.

"आजोबा, मी आत असतानासुद्धा आपण हरलोय की."

"तेव्हा तू दारातून डोकावली असशील."

"आणि मी शाळेत असताना जिंकलोय, ते?"

"तेव्हा तुझं लक्ष अभ्यासात नसेल. शरीराने शाळेत, मनाने स्वयंपाकघरात."

असल्या सिद्धांताला धक्का लावायचा कुठून? शिवाय एकदा ती खरंच डोकावली होती.

ती आठवीत गेली त्या वर्षी कारखाना बंद होणार हे नक्की झालं. कारखान्याबरोबर संघही. आणि नेमका त्याच वर्षी तो अंतिम सामन्यात पोचला. भिंगरीने हिशेब मांडला: आज गोल होताना पाहिला नाही, तर हिरव्या जर्सीचा ताजा गोल या जन्मात दिसायचा नाही.

"आई, आज मी बाहेर बसू?"

आईच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून ती म्हणाली, "माझं काय जातंय? पण आजोबांचा शेवटचा सामना आहे गं. हरले तर तुझ्यावर नाव यायचं. आयुष्यभर ऐकशील."

हे खरं होतं. काकाने तर ते वर्षानुवर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं असतं. ती निमूट आत गेली.

पूर्वार्धात काही झालं नाही. उत्तरार्धात समालोचक एकटाच ओरडला. भिंगरीने डब्यांवरचा हात काढला नाही. मशीन मंद होत होतं, पुन्हा चालू लागत होतं. आणि मग तिने कधीच न ऐकलेला आवाज ऐकला: सामना चालू असताना आजोबांची काठी स्वयंपाकघराकडे येत होती.

"पाणी हवंय?"

"नको. तू बाहेर जा. माझ्या खुर्चीत बस."

"आणि पनवती?"

"पनवती कोण म्हणतं तुला?"

"काका."

"त्याला अजून ऑफसाइड कळत नाही, पनवती काय कळणार!" आजोबा स्टुलावर टेकले. "सगळे सामने मी बघितले. एवढ्या वर्षांत तू इथे काय करतेस ते एकदाही बघितलं नाही. कसं कळतं तुला आतून?"

"ऐकून."

"माझे कान कुठे आहेत?"

तिने त्यांचा हात धरून डब्यांवर ठेवला. "इथे. दाबू नका, नुसता टेकवा. गोल झाला की हे थरथरतील."

"जा मग. गोल चुकेल तुझा."

ती खुर्चीत येऊन बसली तसा काका ताडकन उठला. "अगं ए, तू कशाला आलीस? आजोबा कुठायत?"

"बसू दे तिला," बाबा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले.

डावीकडून चेंडू वर आला. सात नंबर दोघांच्या मधून उसळला, त्याने मान वळवली, आणि जाळं मागच्या बाजूला फुगलं. किती साधं असतं हे, भिंगरीच्या मनात आलं. रिप्लेमध्ये नसतो तो एक क्षण तिला दिसला: जाळं फुगण्याआधी, चेंडू जाणार की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं, खुद्द सात नंबरलाही नाही.

काका नाचत होता. बाबांनी आईचं कापड हवेत उडवलं होतं. भिंगरीच्या तोंडून आवाजच फुटेना. तिला ओरडायची सवयच नव्हती. मग तिला आठवलं की पाय आपटणारा माणूस आज आत बसलाय. तिने दोन्ही पाय उचलले आणि जमिनीवर आपटले. पुन्हा पुन्हा आपटले.

एक-एक. आणि शिटी वाजायच्या जरा आधी समोरच्यांनी पुन्हा गोल केला.

खोली गप्प झाली. काकाने टीव्हीचा आवाज बंद केला आणि हळूच भिंगरीकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडलं, तेवढ्यात काठी दारात आली.

"हरलो?"

"हरलो," बाबा म्हणाले.

"माझीच चूक." आजोबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी खुर्ची सोडायला नको होती. खुर्चीवरून उठलो आणि घात झाला. पुढच्या वेळी मी इथे, आणि ही माझ्या शेजारी. स्टूल आणून ठेवा."

पुढची वेळ नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं. काकाने तोंड मिटलं. थोड्या वेळाने खिशातून पेपरमिंट काढून त्याने भिंगरीच्या हातावर ठेवलं.

"आजोबा, आपला गोल कळला?"

"कळला तर! एक झाकण खाली पडलं. एवढ्या जोरात तर मीही कधी पाय आपटले नाहीत गं."

आता भिंगरीच्या घरात भिंतभर टीव्ही आहे. संघ दुसरे, जर्सीही दुसऱ्या. सामना रंगात आला की ती काहीतरी आणायच्या निमित्ताने उठते आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीलगतच्या डब्यांवर तळहात टेकवते. बाहेर तिची लेक पाय आपटते. "आई, ये ना, रिप्ले दाखवतायत!"

"आले," ती म्हणते. पण डबे पुरते थांबेपर्यंत हात तसाच ठेवते.