अडणारं बटण

मित्रांनो, मी आहे बुद्धिबळाचं जुनं, चावीचं घड्याळ. लाकडी पेटी एक, तबकड्या दोन, डोक्यावर बटणं दोन. खेळी करून आपलं बटण दाबलं की आपला काटा थांबतो आणि समोरच्याचा धावू लागतो. वेळ संपली की लाल झेंडा पडतो, आणि झेंडा पडला की डाव गेला.

लोणावळ्याच्या मंडळात वीस वर्षं माझा काय रुबाब होता! मग बॅटरीची घड्याळं आली आणि माझी रवानगी कपाटात झाली. तिथं माझं एक बटण अडू लागलं. हे फक्त अल्लाउद्दीनभाईंना ठाऊक होतं, कारण कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. "तेल घालू उद्या," म्हणत ते दार लावून घेत.

एका वर्षी ज्येष्ठांच्या स्पर्धेत ऐन अंतिम डावाला नव्या घड्याळाने मान टाकली आणि मला बाहेर काढलं. एका बाजूला भाई, दुसऱ्या बाजूला पवनानगरचे हनुमंतआबा. आबा तीनदा अंतिम डाव हरलेले. गुडघे जीपचा प्रवास सोसेनात, म्हणून हे त्यांचं शेवटचं वर्ष. अडणारं बटण नेमकं त्यांच्याच वाट्याला आलं. शेतात राबलेला हात तो. असा दणका देत की पटावरचे मोहरे हलत.

पंच अफसानाबाई म्हणाल्या, "आबा, हळू दाबा ना. मोडेल ते."

"बरं बाई, न्हाई ठोकत," आबा ओशाळले.

मिनिटभर वेळ उरला असताना आबांनी घोडा असा ठेवला की पुढच्या खेळीला मात ठरलेली. त्यांनी बटण हळूच दाबलं. ते अर्ध्यावरच अडलं! काटा त्यांचाच धावत राहिला. आबांची नजर पटावर खिळलेली. भाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं. नियमाने सांगायची सक्ती नव्हती. कपाळाला हात लावून ते विचारात पडल्यासारखे बसून राहिले.

अहो, बोला ना! माझा जीव कासावीस झाला. पण टिकटिकीखेरीज मला भाषा कुठली? झेंडा उचलला गेला, लोंबकळला आणि पडला.

"झेंडा पडला, आबा," भाई पुटपुटले.

आबांनी हात मिळवला. "माजंच बोट म्हातारं झालं, दुसरं काय."

दुसऱ्या सकाळी भाईंनी शिलाई मशीनचं तेल माझ्या बटणात सोडलं. पिशवीत चषक आणि मला घालून त्यांनी पवनानगरची जीप पकडली.

"आबा, बटण अडत होतं. मला ठाऊक होतं. हा चषक तुमचा."

आबांनी चषकाकडे पाहिलंही नाही. माझं बटण अलगद दाबलं. टक्! काटा थांबला.

"लय झ्याक चालतंय की," ते म्हणाले. "मग ह्ये तेल काल कुटं व्हतं?"

मित्रांनो, तुमच्या कपाटातही कुणी असं अडून बसलं असेल, तर त्याला वेळेवर तेल घाला. माझं बटण आता लोण्यासारखं चालतं. पण आबा पुन्हा स्पर्धेला आलेच नाहीत.