पिवळी कड

वहिनीच्या काचेला तडा गेला, तर नणंदेचा फायदा रोख होता. कारखान्यातली तपासणी नणंदेकडे, आणि तिच्या तपासणीच्या खोलीतली अर्धी जागा वहिनीच्या भट्टीने गिळली होती, ती परत मिळणार होती. कारखान्यात शेवटचा शब्द पुन्हा तिचा होणार होता. आणि आपण घरात काय आणून ठेवलंय, हे दादाला एकदाचं दिसणार होतं. हे शेवटचं मिळालं असतं, तर बाकीच्यावर तिने हसत पाणी सोडलं असतं.

कारखाना दादाचा. तिथे इंधनपेशींचे संच बनत. पोलादाच्या चौकोनी पट्ट्या एकावर एक रचायच्या, दर दोन पट्ट्यांत सिरॅमिकची एक पातळ चकती, चकतीच्या एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने हवा, आणि सगळा डोलारा लाल होईपर्यंत तापवला की वीज. हायड्रोजन आणि हवेची गाठ पडू द्यायची नाही, यातच सगळं आलं. पडली की आतल्या आत पेट घेतात. त्यांना वेगळं ठेवायचं काम पट्ट्यांच्या कडेने फिरणाऱ्या सांध्याचं. हा सांधा पूर्वी बाहेरून विकत यायचा. मग दादाने काचेत डॉक्टरेट केलेली बायको केली आणि सांधा घरचा झाला.

वहिनी काचेची पूड मळून लगदा करायची आणि कडेला लावायची. पहिल्या तापात काच मऊ होऊन पसरायची, दोन्ही पट्ट्यांना धरायची, मग तिच्यात स्फटिक उगवायचे आणि काचेची सिरॅमिक व्हायची. एकदा तशी झाली की पुन्हा मऊ होणे नाही. म्हणजे काय जुळायचं ते पहिल्याच तापात, डोक्यावर वजन घेऊन. वजनं ठेवायचा फिटरमामा. तो कोणाचाच मामा नव्हता आणि सगळ्यांचा होता. झोपलेलं मूल खाली ठेवावं तशी तो वजनं संचावर ठेवायचा आणि वर म्हणायचा, हायड्रोजन आणि हवा परवडली, त्यांच्यामधे निदान काच तरी लावता येते. हे तो दोघी जवळपास नसताना म्हणायचा.

वहिनी वयाने नणंदेहून चांगली लहान. पण थोरल्या भावाची बायको, तेव्हा तिला ‘अहो वहिनी’ म्हणणं आलं, आणि तो ‘अहो’ नणंदेच्या घशात रोज काट्यासारखा अडकायचा. वहिनी उलट ‘वन्सं’ म्हणायची. घरात तो शब्द दुसरं कोणी वापरत नव्हतं. माळ्यावरून शोधून, पुसूनबिसून खाली आणल्यासारखा तो ती वापरायची.

मोबाइल टॉवर उभारणारी एक कंपनी संच घ्यायला तयार झाली. त्यांचा साहेब येऊन, समोर एकदा संच थंड करून पुन्हा तापवून बघणार होता. त्याआधी सांध्याचा एक नमुना बरेच दिवस भट्टीत ठेवला होता, तो बाहेर निघाला आणि कापून नणंदेकडे आला. तिने तो दिव्याखाली धरला. काच जिथे पोलादाला भिडत होती, तिथे हवेच्या बाजूला एक पिवळी रेघ होती, केसाएवढी. नणंदेला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. काचेतलं बेरियम आणि पोलादातलं क्रोमियम यांनी संगनमत केलं होतं. ती पिवळी साय गरम असेपर्यंत गुपचूप बसते. संच गार व्हायला लागला की ती वेगळीच आकसते आणि सांध्याला कडेपासून सोलत जाते.

आता सांगितलं, तर वहिनी पोलादाला लेप देणार, काच बदलणार, आणि दादा चारचौघांत तिची पाठ थोपटणार. नणंदेने नमुना भंगाराच्या डब्यात टाकला आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना, दादा शेजारी बसलेला असताना, वहिनीने सहज विचारल्यासारखं विचारलं, “वन्सं, कडेला पिवळं काही दिसलं का हो?”

“नाही.”

“नीट बघितलंत ना?”

“माझे डोळे अजून शाबूत आहेत, वहिनी. चष्मा तुम्हाला लागलाय.”

दादा हसला. दोघी आज बोलताहेत, यावरच तो खूश होता.

साहेब आला. पहिल्या तापात दाबाचा काटा जागचा हलला नाही आणि नणंदेने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, गळती नाही. संच सावकाश थंड केला, परत तापत ठेवला. अर्ध्यावरच काटा खाली उतरायला लागला. मग आत कुठेतरी टिचल्यासारखा बारीक आवाज आला, एका पेशीची वीज बसली, पाठोपाठ शेजारणीची. साहेबाने कारण विचारलं. नणंदेने वहिनीकडे बघितलं. या क्षणाची तिने किती वाट पाहिली होती. वहिनीचा चेहरा मात्र पडलेला नव्हता.

दादाने दोघींना आतल्या खोलीत नेऊन दार लावलं. वहिनीने ॲप्रनच्या खिशातून एक तुकडा काढून टेबलावर ठेवला. त्याच नमुन्याचा दुसरा अर्धा भाग. पिवळी रेघ त्याच्यावरही होती.

“म्हणजे तुला माहीत होतं?” दादाने विचारलं.

“मी विचारलं होतं की. तुमच्यासमोर. वन्सं नाही म्हणाल्या. तपासणी त्यांची, मी कशाला नाक खुपसू?”

नणंदेला तेव्हा कळलं की आपण जिच्या घसरण्याची वाट पाहत होतो, ती तितक्याच आवडीने आपली वाट पाहत होती. दोघींनी एकाच तड्यावर डाव लावला होता आणि संच मधल्यामधे मेला होता. दादा कधी बहिणीकडे, कधी बायकोकडे बघत राहिला. एकीला हाकलावं तर घर फुटतं, दुसरीला हाकलावं तरी घर फुटतं. बाहेर साहेब घड्याळ बघत होता.

दादाने केस सारखे केले, बाहेर गेला आणि साहेबाला म्हणाला, “वजन कमी पडलं. फिटरची चूक आहे. पहिल्या तापात काच नीट दाबली गेली नाही.”

साहेबाला ते पटलं, पटण्याजोगंच होतं. तो माणूस संचाजवळ दिसणार नसेल तर मी पुन्हा येईन, असं तो म्हणाला. दादाने लगेच होकार दिला. दार उघडंच होतं, दोघींनी ऐकलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच दोघी एका गोष्टीवर एकत्र गप्प बसल्या.

संध्याकाळी मामा आपला डबा आणि हातमोजे घेऊन कायमचा निघाला. फाटकापाशी नणंद भेटली. तो दादाकडे गेला नव्हता, वहिनीकडेही नाही. गळतीबद्दल हिचा शब्द शेवटचा, हे त्याला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं.

“ताई, मी वजनं मोजून ठेवली होती. खरंच कमी पडलं का हो?”

तिला वाटलं असतं तर एका शब्दात तो माणूस ताठ मानेने घरी गेला असता.

“थोडं पडलं, मामा,” ती म्हणाली.

त्याने मान हलवली, आपलंच चुकलं असेल म्हणाला, आणि दुसरीकडे कुठे विचारायला गेलो तर ताई माझ्यासाठी शब्द टाकतील ना, असंही विचारून गेला.

वहिनीची भट्टी आहे तिथेच राहिली. नणंदेला अर्धी खोली काही मिळाली नाही, पण गळतीबद्दलचा शेवटचा शब्द तिच्याकडे राहिला. दादाची बोलणी तुटली नाहीत आणि घर फुटलं नाही. या सगळ्याची किंमत मामाने भरली, आणि त्याला वाटलं की देणं त्याचंच होतं.